वडिलांच्या अंगावर पाण्याचे टम्म फोड, सगळे नागीण म्हणतायत पण पटत नाहीये

कोयनाकाठचा

नमस्कार मंडळी. वडिलांबद्दल विचारायचंय, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

अण्णांचं वय ७६. शुगर बरीच वर्षं आहे, मध्ये पॅरालिसिसचा हलका झटका येऊन गेला, आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात. गणपतीच्या आधीपासून त्यांना अंगाला खाज सुटायला लागली, पोट मांड्या पाठ सगळीकडे, लाल चट्टे उठायचे आणि चांगले चार-पाच दिवस तिथंच बसून राहायचे. आईनं पित्त उठलंय म्हणून आमसुलाचं पाणी लावलं, गावातल्या डॉक्टरांनी सेट्रिझिन दिली, मग खरूज असेल म्हणून घरातल्या सगळ्यांनी मानेपासून पायापर्यंत मलम फासून घेतलं, खरं तर आमच्यापैकी कुणालाच खाज नव्हती. अण्णांची खाज काही हटली नाही. रात्र रात्र बसून खाजवतात.

दिवाळीनंतर मांड्यांच्या आतल्या बाजूला, दंडावर आणि पोटावर फोड यायला लागले. पाण्याचे, एकदम टम्म, काही बोराएवढे, एक-दोन तर लिंबाएवढे. बोटानं दाबलं तरी पटकन फुटत नाहीत. फुटला की खाली लाल ओली जखम, ती हळूहळू सुकते पण तोवर दुसरीकडे नवीन आलेला असतो. ताप नाही, तोंडात काही नाही, जेवण बरं आहे.

आता गावात एकच चर्चा, नागीण. दोन्ही बाजूंनी आलीये, कमरेला वेढा पुरा झाला की खेळ खलास वगैरे. आईनं हायच खाल्लीये. शेजारच्या काकांनी नागीण उतरवणारा पण आणला, तो गेरू लावून गेला. डॉक्टरांनी नागिणीच्या गोळ्यांचा कोर्स दिला तोही संपला, फरक शून्य. मी नेटवर शोधलं तर पेम्फिगस, पेम्फिगॉइड अशी नावं येतात, आणि सोबतचे फोटो बघून माझ्याच पोटात गोळा आला.

मी पुण्यात, अण्णा कराडजवळ गावाला. हे नागीण नसेल तर काय आहे, कुणाला दाखवायचं, कुठली टेस्ट सांगतील, आणि माझी पोरगी लहान आहे ती सारखी आजोबांच्या मांडीवर, तिला जवळ जाऊ द्यायची का नाही?

रानमेवा

दादा हे अंगातली उष्णता आहे दुसरं काही नाही. दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप द्या, गुळवेलीचा काढा सकाळी अनशापोटी. आमच्याकडे नागिणीला हेच करतात, एका आठवड्यात उतरते. ते मोठे मोठे डॉक्टर नुसती स्टिरॉइड देऊन माणूस खलास करतात.

ओपीडीतला_मी

रानमेवा, नागीण दोन-चार आठवड्यात आपली आपणच उतरते हो, लेप दिला तरी आणि नाही दिला तरी, म्हणून तर लेपाला यश येतं. आणि उघड्या जखमेवर अंगणातल्या दूर्वा वाटून लावू नका प्लीज, शुगरच्या पेशंटला तर अजिबात नाही.

कोयनाकाठचा, मी स्किनमध्ये एमडी करतोय, शेवटचं वर्ष. न बघता निदान करणं बरोबर नाही आणि मी ते करत पण नाहीये, पण तुम्ही जे लिहिलंय ते इतकं नीट लिहिलंय की काही गोष्टी बोलता येतात.

पहिलं, नागीण. नागीण म्हणजे कांजण्यांचाच विषाणू, लहानपणी कांजण्या झाल्या की तो नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि म्हातारपणी किंवा ताकद कमी झाली की एका नसेवरून वर येतो. म्हणून ती शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी येते, मध्यरेषा सहसा ओलांडत नाही. तिच्यात आग होते, ठणका असतो, खाज ही मुख्य तक्रार नसते. बारीक बारीक फोडांचे घोस असतात, लिंबाएवढा फोड नाही. आणि दोन-चार आठवड्यात संपते. अण्णांना दोन्ही मांड्या, दोन्ही दंड, महिनोन्महिने, नुसती खाज. हे नागिणीत बसत नाही. वेढा पुरा झाला की माणूस जातो हे तर साफ खोटं आहे, आईंना आजच फोन करून सांगा, त्यांची निम्मी काळजी तिथंच संपेल.

दुसरं, पित्त. पित्ताच्या गांधी उठतात आणि २४ तासाच्या आत तिथल्या तिथं विरून दुसरीकडे उठतात. तुम्ही लिहिलंय चट्टा चार-पाच दिवस एकाच जागी. वयस्कर माणसाला असे टिकून राहणारे खाजरे चट्टे, अॅलर्जीच्या गोळीला दाद न देणारे, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्यावर टम्म फोड, असं ऐकलं की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं बुलस पेम्फिगॉइड. कधी कधी तर फोड येतच नाहीत, नुसती खाजच वर्षभर चालते आणि पेशंट खरजेची मलमं लावत फिरतो.

हा ऑटोइम्यून आजार आहे. म्हणजे जंतूंशी लढायला शरीर ज्या अँटिबॉडी बनवतं त्याच चुकून स्वतःच्या कातडीवर जातात. आता नेटवर जी दोन नावं सापडली त्यात लोकांचा कायम गोंधळ होतो. विटांची भिंत डोळ्यासमोर आणा. पेम्फिगसमध्ये दोन विटांमधलं सिमेंटच सुटतं, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात, त्या सिमेंटचं नाव डेस्मोग्लीन. फोडाचं छत फारच पातळ, त्यामुळे फोड लोंबकळता, नुसता कपडा घासला तरी फुटणारा, बरेचदा फोड दिसतच नाही, सालटं निघालेल्या जखमाच दिसतात. पेम्फिगॉइडमध्ये विटा एकमेकींना धरून असतात पण अख्खा वरचा थर खालच्या थरापासून सुटतो, तिथं बीपी१८० आणि बीपी२३० नावाची प्रथिनं धरून ठेवायचं काम करतात, अँटिबॉडी त्यांनाच खातात. छत जाड राहतं म्हणून फोड टम्म आणि सहजी न फुटणारा. १९५३ पर्यंत डॉक्टर लोकसुद्धा सगळ्याला पेम्फिगसच म्हणायचे, वॉल्टर लेव्हर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून हे दोन वेगळे काढले. आणि वेगळे काढणं गरजेचं होतं, कारण स्टिरॉइड यायच्या आधी पेम्फिगसचा पेशंट सहसा वाचत नसे, पेम्फिगॉइड त्यामानानं सौम्य. पण सौम्य म्हणून हलक्यात घ्यायचं नाही, वय जास्त असतं, जखमांतून जंतुसंसर्ग झाला की अवघड होतं.

पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय हेही जुळतं. झटका, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश असलेल्यांमध्ये हा आजार जास्त दिसतो, मेंदूतही याच प्रथिनांची भावंडं असतात म्हणून असावं असं मानतात.

लेकीला खुशाल मांडीवर बसू द्या. हा आजार स्पर्शानं, जेवणाच्या ताटातून, टॉवेलनं कशानंही पसरत नाही. पुढं अण्णांचे उपचार सुरू झाले की उलटी काळजी घ्यायची, पोरीला सर्दी-ताप, कांजण्या असतील तर तिला आजोबांपासून लांब ठेवायचं, कारण त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असेल.

आता मला एक सांगा, शुगरची गोळी कुठली चालू आहे? ब्रँडचं नाव नाही, स्ट्रिपच्या मागं बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते. आणि पाय सुजतात म्हणून लघवीची गोळी वगैरे चालू आहे का?

कोयनाकाठचा

डॉक, मनापासून आभार. आईला फोन केला, वेढ्याचं सांगितलं, म्हणाली "तुमच्या डॉक्टरला काय माहीत" पण आवाज जरा हलका वाटला.

बहिणीकडून स्ट्रिपचा फोटो मागवला. विल्डाग्लिप्टिन ५० आणि मेटफॉर्मिन ५०० असं एकत्र आहे, सकाळ-संध्याकाळ. आधी साधी मेटफॉर्मिन होती, ही साधारण दीड वर्षापासून. लघवीची गोळी नाही. बीपीची अॅम्लोडिपिन आहे आणि रक्त पातळ व्हायची. शुगरच्या गोळीचा काय संबंध?

मेडिकलवाले_काका

संबंध आहे बाळा, आणि मोठा आहे. डॉक्टरसाहेब सविस्तर सांगतीलच, मी दुकानदार माणूस मला जे माहिती ते लिहितो.

ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ग्लिप्टिन येतं, विल्डाग्लिप्टिन सिटाग्लिप्टिन लिनाग्लिप्टिन टेनेलिग्लिप्टिन, हा एकच खानदान. चांगल्या गोळ्या आहेत, शुगर एकदम खाली पाडत नाहीत म्हणून म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम देतात. आधी विल्डाग्लिप्टिन महाग होती, डिसेंबर २०१९ ला तिचं पेटंट संपलं आणि ढीगभर कंपन्यांनी काढली, भाव धाडकन खाली आला, तेव्हापासून आमच्याकडे खेड्यापाड्यातल्या चिठ्ठीवर पण तीच. आता लाखो लोक खातात आणि बहुतेकांना काहीच होत नाही हे आधी सांगतो, नाहीतर उद्या अर्धा गाव गोळ्या बंद करेल. पण थोड्या लोकांना याच गोळीनं हे फोडांचं प्रकरण सुरू होतं, सगळ्या ग्लिप्टिनमध्ये विल्डाचं नाव यात जास्त घेतलं जातं. आणि गोळी सुरू केल्या केल्या होत नाही, काही महिन्यांनी, कधी दीड-दोन वर्षांनी, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही की ह्या जुन्या गोळीचा संबंध असेल, सगळे गेल्या आठवड्यात काय खाल्लं ते शोधत बसतात.

पण एक. तुझ्या मनानं गोळी बंद करू नको. ज्यांनी लिहून दिली त्यांना फोन लाव, सांग असं असं झालंय, बदलून द्या. नुसती बंद केलीस तर शुगर वर जाणार, वर जखमा, जखमा सुकणार नाहीत. एकत्र गोळी असली की अजून एक घोटाळा होतो, ती बंद केली की मेटफॉर्मिन पण जाते पोटातून आणि लक्षात येत नाही. आणि बदलून दुसरं ग्लिप्टिनच दिलं असं होऊ नये म्हणून नाव नीट वाच, ब्रँड वेगळा असला तरी मागं ग्लिप्टिन लिहिलेलं असतं.

दुसरं, काउंटरवरून खाजेची ट्यूब घेऊन लावली असेल तर कुठली ती डॉक्टरला दाखव. त्या खिचडी ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचं, जंतूचं सगळं एकात असतं, त्यानं आजाराचं चित्र बदलतं.

ओपीडीतला_मी

काकांनी माझं काम केलं. भर एवढीच, गोळी बदलली की लगेच दुसऱ्या दिवशी फोड थांबत नाहीत, काही आठवडे ते महिने लागतात, पण बऱ्याच पेशंटमध्ये ग्लिप्टिन काढल्यावर आजार आटोक्यात आणायला सोपा जातो. फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी पण संशयितांच्या यादीत असते म्हणून विचारलं होतं.

टेस्टचं सांगतो. नुसतं बघून निदान नक्की करत नाहीत, कातडीचे दोन तुकडे घेतात, सुन्न करून, डाळीच्या दाण्याएवढे. एक नव्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मलिन या नमुना टिकवायच्या द्रावणात, त्यात कातडी कुठल्या थरात सुटलीये ते दिसतं. दुसरा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, त्याला डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स म्हणतात, आम्ही डीआयएफ म्हणतो. त्यात अँटिबॉडी कुठं बसल्यात त्या चमकताना दिसतात. पेम्फिगॉइडमध्ये दोन थरांच्या मधोमध सरळ रेघ, पेम्फिगसमध्ये पेशींच्या भोवती मासे पकडायच्या जाळीसारखी नक्षी. हा दुसरा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकायचा नाही, टाकला की टेस्ट बाद. फोडाच्या मधूनही घ्यायचा नाही, आणि शक्यतो नडगीवरून नको, तिथं खोटा निगेटिव्ह यायची शक्यता जास्त. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या सापडतात, अँटिबॉडीची एलायझा पण होते, ती थोडी महाग पडते.

आणि हे तुकडे घ्यायच्या आधी कुणी स्टिरॉइडचं इंजेक्शन ठोकून देऊ नये हे बघा. गावाकडे खाज म्हटलं की डेक्साचं इंजेक्शन ठरलेलं, दोन दिवस पेशंट खूश, मग दुप्पट उसळतं, आणि रिपोर्टही गंडतो.

उपचाराला घाबरू नका. पेम्फिगॉइडमध्ये पोटातून स्टिरॉइड द्यावंच लागतं असं नाही. फ्रान्समध्ये मोठा अभ्यास झाला होता, २००२ मध्ये छापून आला, त्यात अंगभर क्लोबेटासोल हे कडक स्टिरॉइड मलम लावलेल्यांचं गोळ्या खाणाऱ्यांपेक्षा बरं चाललं, आजार जास्त पसरलेल्यांमध्ये मृत्यूही कमी झाले. अंगभर मलम लावायला घरात माणूस पाहिजे ही अडचण, पण तुमच्याकडे आई-बहीण आहेत. दुसरा ब्रिटन आणि जर्मनीतला, २०१७ चा, त्यात डॉक्सिसायक्लिन ही साधी अँटिबायोटिक दिली. सहा आठवड्यांनी स्टिरॉइडच्या गोळीवाले ९१ टक्के आटोक्यात होते, डॉक्सीवाले ७४, पण वर्षभरात औषधाचे गंभीर दुष्परिणाम डॉक्सीत १८ टक्के आणि स्टिरॉइडमध्ये ३६. शुगरवाल्या ७६ वर्षांच्या माणसाला काय द्यायचं हा हिशोब समोरचा डॉक्टर करेल, तुम्ही फक्त हे पर्याय आहेत हे माहीत असू द्या.

मोगरा_नाशिक

हा धागा बघून राहवलं नाही. माझ्या आईला दुसरावाला आहे, पेम्फिगस व्हल्गॅरिस, म्हणून दोन्हीत फरक काय ते आम्ही अनुभवलंय.

आईचं वय तेव्हा पन्नाशीच्या आत. तिचं सगळं तोंडातून सुरू झालं. गालाच्या आतून, हिरड्यांवर सालटं निघायची, आम्ही म्हणायचो तोंड आलंय. बी कॉम्प्लेक्स खाल्ल्या, तूप लावलं, जाईचा पाला चावला, तोंड येणं आठवड्यात जातं ना, हे महिने महिने चाललं होतं. भाकरी बंद झाली, मग चपाती दुधात कुस्करून, मग नुसता गार दूधभात, शेवटी पाणी गिळताना डोळ्यात पाणी. टूथपेस्ट लावली की किंचाळायची. अंगावर एकही फोड नव्हता म्हणून कुणाला काही वेगळं वाटलं नाही. ओळखलं कुणी तर दातांच्या डॉक्टर ताईंनी, हिरडी पुसायला गेल्या तर कापसासोबत सालटच आलं, तिथल्या तिथं म्हणाल्या हे माझं काम नाही, आजच स्किनवाल्यांकडे जा. त्यानंतर डोक्यात आणि छातीवर आलं. फोड असे टम्म नव्हतेच, लिबलिबीत, आंघोळीला गेली की फुटलेले, गाऊन पाठीला चिकटायचा, सकाळी तो भिजवून काढायचा हा एक कार्यक्रमच असायचा.

त्यामुळे वाचणाऱ्यांना एवढंच, तोंडातल्या जखमा महिनाभराच्या वर चालल्या तर तोंड आलंय म्हणून बसू नका. तंबाखू खाणाऱ्यांना दुसरीच भीती असते म्हणून ते तरी लवकर दाखवतात, न खाणारे घरीच बसतात.

आईला आधी पल्स दिले. महिन्यातून एकदा ॲडमिट, तीन दिवस सलाइनमधून डेक्सामेथासोन, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, आणि घरी रोज सायक्लोची एक गोळी. वॉर्डात आमच्यासारखी पाच-सहा घरं दर महिन्याला भेटायची, एकमेकांचे डबे खायचो. चौथ्या-पाचव्या पल्सनंतर नवीन जखमा थांबल्या. मग तिनं तोंड सुजलं, वजन वाढलं, बायका विचारतात म्हणून मध्येच सगळं बंद केलं आम्हाला न सांगता, आणि सहा महिन्यात पहिल्यापेक्षा जोरात आलं. तेव्हा रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन दिलं, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन सलाइन. त्याआधी छातीचा एक्सरे, टीबीची तपासणी, कावीळ बीची टेस्ट सगळं केलं. आता स्टिरॉइड अगदी नाममात्र आहे आणि बाई मिसळ खाते.

खर्चाचं विचारतात लोक म्हणून, कंपनीचं मूळ इंजेक्शन फार महाग, भारतात बनलेलं त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतं, तेच दिलं आम्ही. सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये सोशल वर्करला भेटा, योजनेत बसतं का ते ते लोक बघून देतात.

ओपीडीतला_मी

मोगरा ताई, ते पल्स आपल्याकडचंच. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी ही पद्धत बसवली, १९८४ मध्ये पहिल्यांदा छापून आली. त्यांचा विचार असा की रोज भरपूर स्टिरॉइड खाऊन माणूस पोखरण्यापेक्षा महिन्यातून तीन दिवस मोठा डोस द्यावा, १०० मिलिग्रॅम डेक्सा, आणि मधले दिवस शरीराला मोकळं सोडावं. जखमा बऱ्या झाल्यावरही नऊ महिने पल्स, मग नऊ महिने नुसती गोळी, त्यानंतर औषधाविना नुसती नजर. आम्हाला हे टप्पे तोंडपाठ करावे लागतात. तुमच्या आईंसारखं बरं वाटलं की सोडणारे फार, म्हणून मी हल्ली पहिल्याच दिवशी पेशंटसोबत आलेल्या माणसाला बाजूला घेऊन सांगतो. स्टिरॉइड अचानक बंद केलं तर आजार उलटतोच, शिवाय शरीरानं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं बंद केलेलं असतं, माणूस चक्कर येऊन पडतो. तरुण पेशंटला सायक्लो देताना मूल होण्याचा प्रश्न येतो, म्हणून आता रिटुक्सिमॅबकडे कल वाढलाय, अमेरिकेत २०१८ मध्ये पेम्फिगससाठी त्याला मान्यता मिळाली.

सिस्टर_कोल्हापूर

औषधं डॉक्टर लोक बघतील, घरी काय करायचं ते मी सांगते, स्किन वॉर्डात आणि बर्न्समध्ये दोन्हीकडे ड्युटी केलीये.

मोठा टम्म फोड कपड्याला अडकून फाटण्याआधी त्यातलं पाणी काढलेलं बरं, पण निर्जंतुक सुईनं, खालच्या बाजूला टोचून, आणि वरची सालटं काढायची नाही. ती सालटं म्हणजे फुकटची पट्टी. घरातली शिवणाची सुई गॅसवर तापवून वगैरे नको, दवाखान्यातून सुया घ्या, एकदा सिस्टरकडून बघून घ्या. आंघोळ बंद करू नका. आमच्याकडे म्हातारी माणसं फोड आले की पाण्याला शिवायचं नाही म्हणतात, त्यानं घाण साठते, वास मारतो. कोमट पाणी, साबण नाही किंवा अगदी सौम्य, टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. डॉक्टरांनी पोटॅशियम परमँगनेटच्या पट्ट्या सांगितल्या तर रंग फिका गुलाबी पाहिजे, गडद जांभळं केलं तर कातडी जळते.

चिकटपट्टी चांगल्या कातडीवर पण लावू नका, काढताना कातडीसकट येईल. व्हॅसलिनची जाळी आणि वर सैल रोलर बँडेज. आणि हो, केळीचं पान. हसू नका, कोवळं पान स्वच्छ धुऊन, वॉर्डात तर निर्जंतुक करून, जखमेखाली अंथरलं की चिकटत नाही आणि गार लागतं. मुंबईत भाजलेल्या पेशंटवर याचा अभ्यास पण झालेला आहे. घरी करायचं तर डॉक्टरला विचारून करा, बागेतलं पान तोडून तसंच अंथरू नका.

सुती जुनी धुवट चादर, सैल लुंगी. जखमेतून पू, वास, आजूबाजूला गरम लाल, थंडी वाजून ताप, किंवा माणूस गुंगीत वाटला, तर सोमवारची ओपीडी बघत बसायचं नाही, रात्रीच न्यायचं. तसंच नवीन औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत डोळे लाल, ओठ सोललेले, ताप आणि अंगभर कातडी सुटायला लागली तर ते हे नव्हे, ते औषधाचं रिअॅक्शन, त्यात तास मोजायचे असतात.

आणि खायला अंडी, डाळी, दूध, जे पचेल ते प्रोटीन. फोडातून प्रोटीन वाहून जातं अंगातलं. पथ्य म्हणून अंडी बंद करणारे नातेवाईक मी रोज बघते.

रानमेवा

ठीक आहे लेप नको. पण गुळवेल घ्यायला काय हरकत आहे, प्रतिकारशक्ती वाढते.

ओपीडीतला_मी

तीच हरकत आहे. इथं प्रतिकारशक्तीच स्वतःच्या कातडीवर उठलीये, तिला खवळायचं कशाला? शिवाय गुळवेलीनं काही जणांना लिव्हरचा त्रास झाल्याचं मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवलंय, त्यातल्या काहींना आधीपासून ऑटोइम्यून आजार होता.

कोयनाकाठचा

सगळ्यांना थँक्स, सिस्टरचा मेसेज प्रिंट काढून बहिणीला पाठवला. शुगरच्या डॉक्टरांशी बोललो, ते जरा गप्प झाले मग म्हणाले बरोबर आहे, काढू. मेटफॉर्मिन वेगळी दिली आणि इन्सुलिन लागू शकतं असं म्हणाले, स्टिरॉइड सुरू झालं तर. कराडमधल्या स्किनच्या डॉक्टरांनी बघितलं, त्यांनाही पेम्फिगॉइडच वाटतंय. ते म्हणतात बायोप्सी इथं घेतो पण डीआयएफ बाहेर पाठवावं लागेल पुण्याला किंवा मुंबईला, मी स्वतः घेऊन गेलो तर बरं. हे कसं न्यायचं? शनिवारी मी गावी आहे, तेव्हाच उरकून घेऊ का?

ओपीडीतला_मी

मिशेल्स मीडियम नावाचं द्रावण मिळालं तर उत्तम, त्यात तुकडा काही दिवस टिकतो. ते नसेल तर साध्या नॉर्मल सलाइनच्या बाटलीत टाकून २४ तासांच्या आत लॅबला पोचवायचा, तुम्ही स्वतः नेणार असाल तर काहीच अडचण नाही. बाटलीवर नाव आणि कुठल्या जागेचा तुकडा ते लिहून घ्या, फॉर्मलिनची बाटली वेगळ्या पिशवीत, दोन्हीची अदलाबदल होऊ देऊ नका. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे हे त्यांना आधी सांगा, ती स्वतःहून बंद करू नका.

शनिवारी नको. रविवारी बऱ्याच लॅब नमुना घेत नाहीत, सलाइनमधला तुकडा वाया जाईल. आधी लॅबला फोन करून कुठल्या वारी घेतात ते विचारा, मग सोमवारी सकाळी बायोप्सी करून संध्याकाळपर्यंत पुण्यात द्या. आणि फोड मोबाईलवर काढून ठेवा, नवे असतानाच, सोमवारपर्यंत यातले निम्मे सुकलेले असतील.